ग्रंथालयांच्या तपासणीत धोक्यांचीही नोंद हवी

प्रति,
संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाईचा आढावा घेतला जातो, मोडकळीस आलेल्या इमारतींना नोटिसा जातात आणि नदीकाठच्या गावांत पूररेषेची चर्चा नव्याने सुरू होते. याच गावांत शंभर-दीडशे वर्षांची सार्वजनिक वाचनालये आहेत. त्यांच्या कपाटांत १८६७ पूर्वीची दोलामुद्रिते (छपाईच्या आरंभकाळातली पुस्तके), पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आणि एरवी कुठे न मिळणाऱ्या नियतकालिकांचे बांधीव अंक आहेत. या संग्रहाला नेमका कशाचा धोका आहे आणि वेळ आली तर आधी काय हलवायचे, हे लिहून ठेवलेले वाचनालय मात्र ग्रंथपाल म्हणून केलेल्या नोकरीत क्वचितच माझ्या पाहण्यात आले.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची मोठी हानी झाली. त्याआधी सोळा वर्षांपूर्वी, जुलै २००५ मध्येही चिपळूण असेच पाण्याखाली गेले होते. सांगलीच्या नगर वाचनालयाने २०१९च्या महापुरात हेच सोसले. तुटपुंज्या अनुदानावर या संस्था जिवंत ठेवणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. दोष आमच्या तपासणीच्या पद्धतीत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची तपासणी होते आणि ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद, हिशेब असे सारे पाहून वर्ग व अनुदान ठरते. तळमजला निळ्या पूररेषेच्या आत येतो का, दुर्मीळ ग्रंथांच्या कपाटावरून पाण्याचा नळ गेला आहे का, विजेच्या तारा कधी बदलल्या, या प्रश्नांसाठी मी पाहिलेल्या तपासणी नमुन्यांत रकानाच नव्हता. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. तिच्या आत, सर्वांत खालच्या फळीवर दोलामुद्रित ठेवणे म्हणजे ते कधी भिजेल एवढाच प्रश्न शिल्लक ठेवणे होय.

पूर आणि आग यांची निदान बातमी तरी होते. संथपणे होणारा नाश कुणाच्या ध्यानातही येत नाही आणि त्याबाबत आपले अंदाज पुष्कळदा चुकतात. जितके जुने तितके नाजूक असे समजून संस्था सर्वांत जुने कागद कुलूपबंद करतात. वस्तुतः जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावर लिहिलेली अठराव्या शतकातली मोडी पत्रे, वाळवी आणि ओल यांपासून बचावली असतील, तर आजही हाताळता येतात. उलट १९४०च्या दशकातली, युद्धकाळाच्या कागदटंचाईत निकृष्ट कागदावर छापलेली साप्ताहिके आणि मासिके पान उलटताच तुटतात. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदातच आम्ल असते, ते आतून कागद खाते आणि उष्ण, दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. म्हणजे ज्या अंकांना आपण रद्दीच्या पायरीवर ठेवतो आणि जे निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून बाद करायच्या ग्रंथांच्या, यादीत सर्वांत आधी जातात, त्यांनाच अनेकदा आज सर्वाधिक लक्ष देण्याची गरज असते. पाहणी केल्याशिवाय हे कळत नाही.

अशी पाहणी फार खर्चाची नाही. मोठ्या संग्रहातून कोणताही पक्षपात न करता चिठ्ठ्या टाकून निवडलेले सुमारे ४०० ग्रंथ तपासले, तरी संपूर्ण संग्रहाच्या स्थितीचा पाच टक्क्यांच्या आतबाहेरचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक ग्रंथाची बांधणी, कागदाचा ठिसूळपणा, कसर, वाळवी व बुरशीच्या खुणा आणि शाईमुळे पडलेली भोके एवढेच नोंदवायचे. एक साधा आर्द्रतामापक दालनात टांगून वर्षभर रोजची नोंद ठेवली, तर कोणत्या भिंतीलगत जूनपासून सप्टेंबरपर्यंत आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीला आमंत्रण मिळते, ते दिसते. मग सगळ्या कपाटांत सरसकट डांबरगोळ्या टाकण्याऐवजी एक कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे पुरेसे ठरू शकते. डांबरगोळ्यांनी ना ओल जाते ना बुरशी, वास तेवढा वाचकांना येतो.

हल्ली डिजिटायझेशन हे सर्व दुखण्यांवरचे औषध समजले जाते. त्याचा उपयोग मोठा आहे हे मान्य करूनही सांगावेसे वाटते की, आधी काय स्कॅन करायचे हे ठरवण्यासाठीही याच पाहणीची गरज असते. नाहीतर तुकडे पडत चाललेला अंक कपाटात राहतो आणि चार ठिकाणी उपलब्ध असलेले पुस्तक पाचव्यांदा स्कॅन होते. शिवाय घाईत, अप्रशिक्षित हातांनी सपाट दाबून केलेल्या स्कॅनिंगमध्ये जुन्या बांधण्यांचे कणे मोडतात.

संकटानंतरच्या पहिल्या दोन दिवसांचा विचारही या पाहणीच्या अहवालात व्हावा. भिजलेल्या ग्रंथांवर आपल्या हवामानात साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, आणि गुळगुळीत आर्ट पेपरची पाने वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात. सगळे एकाच वेळी वाळवणे अशक्य असेल, तर उरलेले ग्रंथ गोठवून ठेवणे हा वेळ मिळवण्याचा जगभर मान्य झालेला मार्ग आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मासळीची शीतगृहे आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याशी पूर येण्याआधीच लेखी बोलणी करून ठेवणे वाचनालयाच्या कार्यवाहांना अवघड नाही. मात्र ते कोणाचे काम आहे, हे कुठेतरी लिहिलेले असावे लागते.

ग्रंथालय संचालनालयाने वार्षिक तपासणीच्या नमुन्यात दोन पानांचा धोकानोंदीचा भाग जोडावा आणि शताब्दी पूर्ण केलेल्या ग्रंथालयांपासून त्याची सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे. त्यात पूररेषेच्या संदर्भात इमारतीचे स्थान, छप्पर व विजेची स्थिती, नमुना पाहणीचा निष्कर्ष आणि प्रथम हलवायच्या पन्नास ग्रंथांची कपाटक्रमांकासह यादी असावी. ही यादी एका प्रतीत ग्रंथालयाबाहेर, कार्यवाहांच्या घरी किंवा तहसील कार्यालयात ठेवावी. जतनाच्या अनुदानाची मागणी करताना हाच अहवाल जोडणे बंधनकारक केल्यास, ज्याचा आवाज मोठा त्याला निधी, या प्रकारालाही थोडा आळा बसेल.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा