बाबांच्या रविवारच्या सोबत्यास

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

बाबांच्या तेराव्याला तुम्ही आलात, फोटोला हार घातलात आणि चहालाही न थांबता निघालात. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

बाबांची बेस्टमधली नोकरी शिफ्टची. तरी सुट्टी मिळाली की पहाटेची कसारा नाहीतर कर्जत लोकल ठरलेली. आम्हा भावंडांना त्यांनी शाळेच्या वयात कळसूबाईच्या शिड्या चढायला लावल्या. १६४६ मीटर हा आकडा भूगोलात आला, त्याआधी तो आमच्या पोटऱ्यांना ठाऊक होता. आईला डोंगराची हौस नव्हती. मग मे महिन्यात परतताना स्टेशनबाहेरच्या बायकांकडून तिच्यासाठी करवंदांचा द्रोण घ्यायचा, आणि एकही करवंद चेंगरू नये म्हणून लोकलच्या गर्दीत तो डोक्याच्या वर धरून उभं राहायचं. बाबांची माया अशी होती, बोलून दाखवायची नाही.

पुढे काचबिंदू झाला. त्यात आधी कडेची नजर जाते आणि गेलेली परत येत नाही. पायाखालचा दगड, बाजूची फांदी दिसेनाशी झाली. आम्हाला काळजी नको म्हणून त्यांनी बाहेर जायचं नावच टाकलं. खिडकीशी बसून राहिलेले बाबा आम्हाला बघवत नव्हते.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटवरची तुमची जुजबी ओळख. एका रविवारी सकाळी तुम्ही आपणहून दारात उभे राहिलात. तुम्ही त्यांना हाताला धरून नेलं नाहीत. आपलं कोपर त्यांना धरायला दिलंत आणि अर्धं पाऊल पुढे चाललात. चढ आला की तुमचा हात वर जायचा, तेवढ्यावरून त्यांना कळायचं. हे तुम्ही कुठे शिकलात कोण जाणे, पण त्यामुळे बाबा पुन्हा ताठ मानेनं चालू लागले.

काय दिसतंय ते तुम्ही सांगायचं, काय ऐकू येतंय ते त्यांनी. तांबटाची टुकटुक, हळद्याची शीळ. पावसाच्या तोंडावर पावशा ओरडला की घरात शिरतानाच आईला हाक, "पेरते व्हा म्हणतोय गं, छत्र्या काढा!" कधी बसनं कान्हेरीपर्यंत जायचात. शंभरावर लेणी आहेत तिथे, पण बाबांची चौकशी एकच, टाक्यांत पाणी किती आहे? घरी येऊन नातवाला सांगायचे, तुळशी आणि विहार तलाव याच जंगलात आहेत, मुंबईला थोडं पाणी तिथूनही येतं, तेव्हा नळ नीट बंद कर. तो अजून करतो.

शेवटचं आजारपण फार लांबलं नाही. त्यातही रविवार कधी आहे हे ते विचारत होते.

दादा, डॉक्टरांनी औषधं दिली, आम्ही जमेल ती सेवा केली. पण बाबांना त्यांचं जंगल परत मिळालं ते तुमच्यामुळे. हे ऋण आहे आणि ते आम्हाला मान्य आहे.

तेराव्याला तुम्ही त्यांची दुर्बीण परत करायला आणली होतीत. ती त्यांनी स्वतःच्या हातानं तुमच्या गळ्यात घातली होती, तेव्हा ती तुमचीच. आणि आईचा निरोप आहे, रविवारी पार्कातून परतताना घरावरून जाऊ नका, नाश्ता करूनच जायचं.

तुमची,
बाबांची थोरली