बीकन विझेपर्यंत हलायचं नाही

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा आईला फोनवर तू हसत हसत जे सांगितलंस, ते मला मागून कळलं. विमान बेवर, म्हणजे त्याच्या उभं राहायच्या जागेवर, येऊन थांबलं, बाकीचे दोघे विमानाभोवती लावायचे इशाऱ्याचे कोन उचलून सुटले, आणि तू लाल रेषेमागे उभी राहिलीस. त्यावर सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आरतीचं ताट आणू का?"

तू थांबलीस ते शंभर टक्के बरोबर केलंस. लोकांना वाटतं चाकं थांबली की विमान लागलं. विमान लागतं ते इंजिन बंद होऊन, विमानावरचा लुकलुकता लाल दिवा, म्हणजे बीकन, विझून, पंखा मंदावल्यावर. मधली ती दोन-तीन मिनिटंच वाईट असतात, कारण विमान जागचं हलत नसतं आणि माणूस बिनधास्त होतो.

अमेरिकेत अलाबामा राज्यात माँटगोमेरी विमानतळावर 31 डिसेंबर 2022 ला घडलं ते तुला सविस्तर सांगतो, कारण ते तुझ्याच कामाचं आहे. एम्ब्रेअरचं विमान डॅलसहून येऊन गेटवर लागलं. त्याचं एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज देणारं शेपटीतलं छोटं इंजिन, नादुरुस्त होतं, त्यामुळे जीपीयूची, म्हणजे खालच्या वीजगाडीची, केबल लागेपर्यंत इंजिन चालू ठेवणं भाग होतं. हे खालच्या लोकांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. विमान यायच्या सुमारे दहा मिनिटं आधी ब्रीफिंग झालं होतं, मग येण्याच्या तोंडावर पुन्हा सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं: इंजिन चालू राहील, बीकन विझल्याशिवाय जवळ जायचं नाही, कोन लावायचे नाहीत. वैमानिकांनी उजवं इंजिन बंद केलं, डावं चालू होतं. को-पायलटने खिडकी उघडून खाली सांगितलंसुद्धा. एक बाई कोन घेऊन शेपटीकडे गेली. मागच्या झोताने ती पडता पडता वाचली, ते पाहून एका सहकाऱ्याने तिला मागे राहा म्हणून खुणावलं. ती तिथून निघाली, ती पंखाच्या पुढच्या कडेने चालत थेट डाव्या इंजिनासमोर. बीकन तेव्हाही लुकलुकत होता.

हे वाचून "तिचं लक्ष नव्हतं" असं म्हणून मोकळी होऊ नकोस. रोजचं काम पाय करतात, डोकं नाही. विमान थांबलं की कोन उचलायचा, ही पायांना लागलेली सवय असते. म्हणून तुझ्या पायांना पहिल्या महिन्यातच दुसरी सवय लाव: विमान थांबलं की आपणही थांबायचं, आणि वर बघायचं.

वर बघायचंच, कानावर विसंबायचं नाही. इअरमफ घातल्यावर, शेजारच्या बेवर दुसरं विमान गुरगुरत असताना, कुठलं इंजिन चालू आहे हे कुणालाही कळत नाही. (आणि इअरमफ मानेत अडकवायला दिलेले नाहीत. मला फोनवर निम्मं ऐकू येत नाही ते त्यामुळेच, म्हणून हे पत्र.) बोइंग 737 चं इंजिन नुसतं आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर, असलं तरी पुढे सुमारे 3 मीटर आणि मागे 30 मीटरपर्यंतची जागा धोक्याची. जोर वाढला की दोन्ही अंतरं वाढतात. पुढून ओढ लागते आहे हे अंगाला जाणवेपर्यंत मागे फिरायला वेळ उरत नाही.

बीकन विझल्यावरही अर्धा-एक मिनिट जाऊ दे. पंख्याच्या मधल्या टोपीवर पांढरा वळणदार फराटा रंगवलेला असतो. तो नुसता भुरकट दिसतोय की स्वच्छ दिसतोय ते बघ. तुमच्याकडे खाडीवरचा वारा येतो, त्याने बंद इंजिनाचा पंखाही गरगरत राहील. त्याने गोंधळू नकोस, पण त्याच्यापुढून जायचं कारणही नाही. एपीयू नादुरुस्त असलेलं विमान येणार असेल, तर कुठलं इंजिन चालू ठेवणार, केबल कोण लावणार आणि तो कुठल्या बाजूने येणार-जाणार हे आधी विचारून घे. बाकीच्यांनी तोवर रेषा ओलांडायची नाही.

चॉक, म्हणजे चाकाखालचे अडसर, लावायला जाशील तेव्हा चाकाकडे पुढून किंवा मागून जा, बाजूने नको. ब्रेक तापलेले असतात, आणि रिम फुटलीच तर तुकडे बाजूला उडतात. आमच्यातले जुने लोकसुद्धा हे विसरत.

इशाऱ्यांचंही तसंच. 16 डिसेंबर 2015 ला मुंबईत, हैदराबादला निघालेल्या विमानाच्या पुशबॅकनंतर, म्हणजे ते ट्रॅक्टरने मागे ढकलल्यावर, एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. इशारा समजण्यात वर कॉकपिटमध्ये गल्लत झाली, असं तेव्हा पुढे आलं. त्या रात्रीनंतर कित्येक दिवस सहारला कॅन्टीनमध्ये कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. वैमानिकाने अंगठा दाखवला, हे तू स्वतः पाहिलंस तरच तो दाखवला. शेजारचा म्हणाला "दिला, दिला", ते धरायचं नाही. काही विपरीत दिसलं तर हातातल्या दोन्ही वँड, म्हणजे इशाऱ्याच्या कांड्या, डोक्यावर एकमेकींवर फुली करून धर. त्यासाठी तू मार्शलर, म्हणजे विमानाला इशारे देऊन जागेवर आणणारी, असायची गरज नाही.

आता तुझा सुपरवायझर. त्याच्याही डोक्यावर टर्नअराउंडचं घड्याळ असतं, अर्ध्या तासात विमान परत सोडायचं असतं, हे मला कळतं. म्हणून त्याच्याशी भांडू नकोस. "सर, बीकन चालू आहे," एवढंच म्हण, आणि रोज म्हण. बीकन चालू असताना त्याने पुन्हा कुणाला पुढे पाठवलं तर सेफ्टी रिपोर्टचा फॉर्म भर. तारीख, बे नंबर, विमान किती वाजता लागलं, बीकन चालू असताना कोण कुठे होतं, एवढंच लिही. त्याच्या आरतीच्या ताटाचा उल्लेख नको, नाहीतर तक्रार वैयक्तिक आहे म्हणून बाजूला ठेवतील.

तुझे
बाबा

ता. क. पावसाळ्याआधी रेनकोट बदलून माग. त्या टोपीने दोन्ही बाजूंचं दिसत नाही. आणि गळ्यातला पास जॅकेटच्या आत घाल.