फी भरण्याआधी हे वाच

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं इंदूरहून पत्र मिळालं. व्यायाम शिकवणाऱ्या ट्रेनर लोकांच्या त्या संस्थेचं सभासदत्व घेऊ का, असं विचारलंयस. अशाच एका संस्थेत मी दोन वर्षं पैसे भरले, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे व्यायामाला एक निवृत्त काका येतात. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, याच्या २२० उणे वय या हिशेबाने मी त्यांचे ठोके वर न्यायला बघायचो, पण ते शंभरापुढे जाईनात. मला वाटलं, काका अंग चोरतात. मी ट्रेडमिलचा चढ वाढवत राहिलो. एक दिवस ते पांढरेफटक पडून खाली बसले. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. त्याच रात्री संस्थेच्या शिक्षकांना फोन लावला. त्यांनी पहिलंच विचारलं, "रक्तदाबाची गोळी कुठली घेतात?" ती बीटा ब्लॉकर निघाली. ती ठोके फारसे वाढू देत नाही, तिथे आपलं सूत्र कुचकामी. आधी डॉक्टरांना विचारायचं, मग चालताना बोलता येतंय ना ते बघायचं, आणि बोर्गच्या ६ (काहीच श्रम नाहीत) ते २० (पार दमछाक) या मोजपट्टीवर किती श्रम वाटतात ते काकांनाच सांगू द्यायचं. लहानपणी इथल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात गुरुजी नुसतं तोंडाकडे बघून "थांब" म्हणायचे, ते का, हे मला त्या रात्री उमगलं. त्या एका फोनसाठी पहिल्या वर्षाची सगळी फी वसूल झाली असं मी मनापासून मानतो.

दुसऱ्या वर्षी मात्र न विचारता नूतनीकरणाचे पैसे खात्यातून गेले, तेही दोनदा. खरं तर असे पैसे कापण्याआधी निदान २४ तास सूचना यायला हवी, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. मेलला ठरावीक उत्तरं यायची, फोन कुणी उचलेना. शेवटी बँकेच्या ॲपमधून मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, बंद केला, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे महिन्याभराने एक रक्कम परत आली. ज्यांनी मला इतकं चांगलं शिकवलं, त्यांच्याच दारात असं ताटकळावं लागलं, याचं फार वाईट वाटलं रे.

आणि विमा! सभासदाला विमा मिळतो म्हणून मी निर्धास्त होतो. पॉलिसी मागवून वाचली तर भारतातले दावे त्यात धरलेलेच नव्हते. म्हणजे काकांना त्या दिवशी काही झालं असतं तर...

तुझं ट्रेनरचं प्रमाणपत्र एसीईचं, म्हणजे अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजचं. ते चालू ठेवायला दर २ वर्षांनी २० तासांचं शिक्षण आणि सीपीआरचं (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचं) चालू प्रमाणपत्र लागणारच. तेव्हा तू म्हणतोस त्या संस्थेचे कोर्स त्या तासांत धरतात का, हे लेखी घे. अडल्यावर फोनवर माणूस भेटतो का, तेही एकदा स्वतः फोन करून बघ.

पॉलिसीचा कागद मिळाला की मला पाठव. मी ओळ न् ओळ वाचून कळवतो, तोवर पैसे भरू नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बडोद्याचा मित्र