दांड घातलेलं लुगडं

मिरज, १२ जुलै

प्रिय सुमे,

वर्षभर पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

काकूंचं इरकली लुगडं ट्रंकेतून निघालं. हो, तेच, गोमी काठाचं, मधला विरलेला भाग काढून, दोन टोकं जोडून तू दांड घातलेलं. वैनीला त्यातून नातीसाठी परकर-पोलकं हवंय, गौरीच्या आत. कात्री माझ्या हातात देऊन मोकळी झाली. घरात कुणाशी बोलावं तर म्हणतात, जुनेरच तर आहे!

तुझा दांड अजून शाबूत आहे. कापड मात्र गेलं, शिवणीला अगदी लागून, दोन्ही अंगांनी. तेव्हा मी म्हणत होते ना, इंचात सोळा टाके नकोत? विरलेल्या कापडात बारीक टाका म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची भोकं, ओढ बसली की तिथंच फाटतं. त्यात दोरा नायलॉनचा. दोरा कापडाहून दणकट असला की तो कापडालाच कापतो. आता सुती दोरा, ११ नंबरची सुई आणि इंचाला दहा टाके, बस. माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, मात्र पाऊण इंच सोडणार. (तुझ्या मते माया पाव इंच पुरते. माणसांनाही तू तेवढीच लावतेस.)

काल अख्खं लुगडं खिडकीत उजेडाला धरून पाहिलं. कासोट्याचा आणि बसायचा भाग जाळी झालाय. दोन अंगठ्यांत धरून आधी उभं, मग आडवं ताणलं. जिथं चर्र झालं तिथं खडूची फुली. आतल्या टोकाचं तीन मीटर चांगलं निघालं, रंगही तिथंच टिकलाय. घडीच्या रेघा हेच दुखणं. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं, काठातलं रेशीम बरोबर त्या रेघांवर तुटलंय. तिथं मागून मलमलची दोन इंची पट्टी लावून हातानं सैल धावदोरा घालते. वैनी म्हणते, इस्त्रीनं चिकटणारं कापड लाव. ते धुण्यात सुटतं आणि फुगे येतात, शिवाय काठ पुठ्ठ्यासारखा उभा राहतो.

हिशोब बघ. पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंच. पोर सहा वर्षांची, परकर २६ इंच. नाडीच्या नेफ्याला दोन, आणि पुढं वाढवायला एकेक इंचाचे दोन टक, दुमडून शिवलेल्या घड्या, त्या दुहेरी म्हणून चार इंच खातात. झाले ३२. खालचा काठ धरून ३२ची पट्टी, घेर १०० इंच. काठाची किनारच खाली येते, तेव्हा दुमडायला काही लागत नाही. उरलेल्या १३ इंचात वरचा काठ आहे, त्यात पोलकं बसतं. छाती २४, म्हणून पुढचा-मागचा भाग सैलपणा आणि माया धरून सोळा-सोळा इंच, बाह्या बारा-बारा. गळ्याची तिरकी पट्टी नव्या कापडाची. जुनं कापड तिरकं कापलं की ताणतं ते ताणतंच, परत येत नाही.

अस्तर नवं सुतीच, पण ते आधी रात्रभर पाण्यात. लुगडं आकसायचं तेवढं कधीच आकसलंय. अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात तेच आखडेल आणि परकराला सुरकुत्या पडतील. पदराचा लाल अजून रंग सोडतो, ओल्या पांढऱ्या चिंधीनं पुसून पाहिलं. म्हणून पदर यात घेतच नाही. शिवाय त्याच्या जोडापाशी लुगड्याचे उभे धागे पदराच्या धाग्यांत अडकवलेले असतात, तिथं दोन बोटं अलीकडं-पलीकडं कात्री न्यायचीच नाही.

आता आपलं जुनं भांडण. टक कुठं? तू म्हणशील काठाच्या वर, दिसायला छान. पण दोन वर्षांनी उसवला की आतलं न विटलेलं कापड गडद पट्टा होऊन बाहेर येईल. मी नेफ्याखाली घालते, पोलक्यात झाकतो. फक्त तिथं चुण्या आणि टक एकावर एक आले की कंबर जाड होते, पोर नाडी ओढून बेजार. त्यावर एक सुचलंय. आधी सपाट कापडावर टक घालायचे, दाबून घ्यायचे, नेफ्यापासून तीन बोटं खाली, मग नेफा. आणि नेफा लुगड्याचा नकोच, अस्तराचा, बाहेरून दिसतोय कुठं? म्हणजे ते दोन इंचही वाचले. लिहिता लिहिता कोडं सुटलं बघ. आता ३२ ऐवजी ३०, नेफ्याच्या जोडाची माया धरून पाऊण इंच वर.

तरी कात्री चालत नाही गं. आडवा काप देऊन दोन टोकं पुन्हा जोडता येतात, तू जोडलीसच. हा काप उभा जाणार, लांबीभर. मग ते लुगडं राहणार नाही.

तुझी बदली झाली का? बडोद्याचा उकाडा सोस, दुसरं काय. चिरंजीवांचं नक्की झालं की कळव, नुसती पत्रिका पाठवू नकोस.

रविवारपर्यंत थांबते. टकाचं लगेच कळव.

तुझी
निमा

ता.क. दांडाची चार बोटं पट्टी कापून पाकिटात घातली आहे. टाके मोज. सोळा भरतात.