ऑपरेशननंतर हात वर जायला हवा, त्यासाठी व्हीआर वापरून बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर आला की पेपरात ब्रेस्ट कॅन्सरबद्दल भरपूर छापून येतं, गाठ कशी तपासायची, मॅमोग्राफी कधी करायची, आणि ते यायलाच पाहिजे कारण आपल्याकडे बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. पण ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाईचा हात वर जात नाही त्याबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय.

माझं वय 54. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीपण काढल्या. घरी सोडताना व्यायामाचा एक झेरॉक्स कागद हातात दिला, बस. भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत वर न्यायची आणि पोचतील तिथे खूण करायची. मी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी पेन्सिलने खुणा केल्या, पहिल्या आठवड्यात चार झाल्या, मग दुखलं की राहिलं, पाहुणे आले की राहिलं, शिवाय टाके उसवतील ही भीती होतीच. खांदा इतका आखडला की ब्लाउजची बाही चढवायला लेकीला हाक मारायची वेळ आली.

दिवाळीला पुतण्या पुण्याहून व्हीआरचा हेडसेट घेऊन आला, व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, मोठ्या चष्म्यासारखं यंत्र डोळ्यांना लावलं की आपण चित्रातल्याच जगात आहोत असं वाटतं. डोळ्यांना लावला तर समोर फुगेच फुगे, हाताने फोडायचे. थोड्या वेळाने तो म्हणाला, काकू, हात कानाच्या वर गेलाय तुमचा! मला पत्ताच नव्हता. दुखत नव्हतं असं नाही, पण लक्ष फुग्याकडे होतं. मग फिजिओथेरपिस्ट मॅडमना दाखवलं, त्यांनी वेळ ठरवून दिली, हाताला सूज दिसली तर लगेच थांबायचं हेही बजावलं, आणि त्या भिंतीवरच्या खुणा पुन्हा वर सरकायला लागल्या.

केमोलाही तो नेला. पहिल्यांदा पोराने झुल्यासारखं काहीतरी लावलं, पाच मिनिटांत मळमळायला लागलं, काढून ठेवला. पुढच्या वेळी एका जागी बसून बघायचा समुद्र लावला, केस गेलेल्या डोक्याला पट्टा टोचतो म्हणून खाली सुती ओढणी बांधली, आणि सलाईनमधून देतात ते केमोचं लाल औषध कधी संपलं कळलं नाही, एरवी मी सलाईनचा थेंब न् थेंब मोजत बसायचे.

हे माझ्या एकटीचं म्हणणं नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या सुसान श्नायडर यांनी 2004 साली केमो घेणाऱ्या ब्रेस्ट कॅन्सरच्या 20 बायकांवर हे करून बघितलं, केमोनंतर लगेचचा त्रास आणि थकवा कमी आढळला. 2007 मध्ये त्यांनीच 123 पेशंटवर पुन्हा बघितलं तेव्हा वेळ लवकर गेल्यासारखं वाटलं पण त्रासात तसा फरक दिसला नाही, आणि हेही सांगायलाच हवं, नाहीतर लोक याला औषध समजतील. 2019 मध्ये जॉर्डनमध्ये 80 बायकांवर अभ्यास झाला, नुसत्या मॉर्फिनपेक्षा (म्हणजे दुखणं कमी करायचं जोरदार औषध) मॉर्फिनसोबत व्हीआर दिल्यावर वेदना आणि घबराट जास्त कमी झाली. मॉर्फिन बंद केलं नव्हतं, सोबत दिलं होतं, हे महत्त्वाचं.

माझं मागणं मोठं नाही. चांगल्या मोबाईलच्या किमतीत एक हेडसेट येतो, तो जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपी विभागात ठेवा, प्रत्येक पेशंटनंतर नीट पुसा कारण केमोत इन्फेक्शन पटकन होतं, आणि सूचना मराठीत बोलून येतील असं करा, चष्मा काढल्यावर आमच्या वयाच्या बायकांना इंग्रजी बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. खेळ कुठला, किती वेळ, हे फिजिओथेरपिस्टनेच ठरवावं, घरच्या घरी कुणी हात ताणू नये. आपल्याकडे फिजिओथेरपीची एवढी कॉलेजं आहेत, त्यातल्या कुणी मनावर घेऊन आपल्या बायकांवर याचा नीट अभ्यास केला तर मी स्वतः यायला तयार आहे, आणि माझ्याबरोबर केमोला बसणाऱ्या आणखी तिघीजणी आहेत, त्यांनाही घेऊन येईन.

आपली,
एक वाचक, मिरज