नोटरीवर घर नावावर होत नाही

संपादक साहेब,
घर माझ्या नावावर आहे असं लोक बिनधास्त सांगतात आणि कागद मागितला की निघतो काय, तर स्टॅम्पपेपरवर केलेला नोटरीचा करार! अहो, त्याने मालकी बदलत नाही. 1908 चा नोंदणी कायदा आणि 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बघा, शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालंच पाहिजे, तेही सही झाल्यापासून 4 महिन्यांत, उशीर झाला तर दंड भरून अजून 4 महिने मिळू शकतात. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) घरं विकणाऱ्यांना तर सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच चाप लावलाय, तरी चालूच आहे सगळं. काहीजण सातबारा नाहीतर टॅक्सची पावती दाखवून खूश असतात, पण त्या नोंदी मुळात महसुलासाठी, त्यावरून मालकी ठरत नाही. आणि रजिस्ट्री झाली म्हणजे सगळं क्लिअर असंही नाही बरं का, विकणाऱ्याचाच हक्क खोटा असेल तर रजिस्टर खतही वाचवत नाही, म्हणून आधी वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, काढा, तिथे पैसे वाचवू नका. आपल्या पेपरात यावर एखादं साधं सदर सुरू करता येईल का?
– एक वाचक