सूचना : राष्ट्रीय अंतराळ दिनाची सभा

सर्व सभासदांना नमस्कार,

२३ ऑगस्टला सायंकाळी ५.३० वाजता आपल्या नेहमीच्या सभागृहात जमायचे आहे. २०२३ साली चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला ती वेळ ६ वाजून ४ मिनिटांची. कार्यक्रम त्याच मिनिटाला सुरू होईल, तेव्हा कृपया उशीर नको.

- प्रत्येकाने एकच मोहीम निवडून ५ मिनिटे बोलावे. आर्यभट (१९७५) आणि मंगळयान कुणीतरी घेतले आहे. थुंबा (केरळमधील रॉकेट प्रक्षेपण केंद्र) अजून शिल्लक आहे, जरूर घ्या! सायकलच्या कॅरिअरवरून नेलेल्या रॉकेटच्या शंकूचा तो फोटो मुलांना दाखवायलाच हवा.
- चांद्रयान-२ वगळू नका. २०१९ मध्ये त्याचा लँडर चंद्रावर कोसळला; त्या अपयशातून शिकूनच चांद्रयान-३ च्या विक्रमचे पाय अधिक भक्कम केले गेले.
- नावे २० ऑगस्टपर्यंत सचिवांकडे द्यावीत.